कंडक्टरचा माइक

दोन माइक घ्याची अक्कल माहीच. आधीच सांगून टाकते, नाईतं लोक म्हणतीन, पोट्टी आपली चूक लपवून राहिली.

माही मावसबहीण अकोल्याची, माह्याहून दोन वर्षांनी मोठी. कोर्ससाठी अमरावतीले आमच्या घरी राहाले आली, तवा आपला लॅपटॉप घेऊन आली. त्याच्यावर बस चालवाचा एक गेम होता. ताई बस चालवे अन् मी बाजूले बसून पाहो. एक दिवस वळणावर तिनं बस सरळ वावरात घातली, अन् माह्या तोंडून निघालं, "ओ डायवर, अकोटचा रस्ता इकडं हाय! वावरात कोन उतरून राहिलं?" ताई हसून हसून खुर्चीवरून पडाची राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती डायवर अन् मी कंडक्टर. असा आमचा चॅनल निघाला. चेहरे दाखवाचे नाई, फक्त गेम अन् आमचे दोघींचे आवाज.

माही आई यष्टीत कंडक्टर. तिचं ऐकून ऐकून ते सारं माह्या जिभेवर बसलं होतं. "ओ मामा, बकरीले खिडकीजवळ बसवलं, तिचं तिकीट कोन काढीन?" "मूर्तिजापूरवाले, पुढं सरका बाप्पा, मांगच्याईले श्वास घेऊ द्या." याच बोलण्यापाई कॉलेजात मले भाषणाच्या स्पर्धेतून काढलं होतं. आधी भाषा सुधारा, म्हणे मॅडम. अन् इथी चॅनलवर लोक लिहीत, कंडक्टरबाई, आज गाडी किती वाजता सुटते? आपल्याले आवाज हाय, असं मले पहिल्यांदा वाटलं. गंमत नाई करून राहिली. आपलं म्हणावं असं माह्याजवळ तेवढंच होतं.

सुरुवातीले हेडफोनच्या वायरीतला माइक होता. त्याच्यात आमी दोघी विहिरीत पडून बोलल्यासारख्या वाटो. मंग स्वस्तातला एक कंडेन्सर माइक आणला. दिसाले भारी, पण त्याले लाजशरम नाई, सारंच ऐके. कूलरची घरघर, बाबांचं खाकरणं, गल्लीतला मेथी-पालकवाला. कूलर बंद करून बसलो, तं एप्रिलच्या उन्हात कीबोर्डवर घाम टपके. वरून ताईची तक्रार, "तुह्या बोंबलण्यात माहा आवाजच येत नाई वं." खरंच होतं ते. कंडक्टरची पोरगी मी, हळू बोलणं आमच्या घरात कोनाले येतच नाई.

मंग मी कामाले लागली. महिनाभर माइकचे रिव्ह्यू पाहिले. कंडेन्सर दूरचंबी ऐकते अन् डायनॅमिक फक्त तोंडाजवळचं ऐकते, एवढं ज्ञान झालं. बजेट म्हणजे माह्या शिकवणीचे पैसे. नावाजलेले माइक पाहाचे अन् बंद कराचे. शेवटी ठरलं, दोन साधे डायनॅमिक घ्याचे, ऑर्केस्ट्रावाले हातात धरते तसे, अन् ते दोन्ही लॅपटॉपले जोडाचा एक लहान डबा. दोघींचा आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर. जिचा मोठा होईन, तिचाच कमी कराचा. दुकानदार म्हणे, "तुमी दोघी एकाच टेबलावर बसता, मंग आवाज वेगळे कायले पायजे?" मी त्याले वीस मिनिटं समजावून सांगितलं. लय शहाणी मी! माह्या जुन्या ओढणीचा तुकडा भरतकामाच्या रिंगवर ताणून फिल्टर केला, म्हणजे प-फ बोलताना फाडफाड होत नाई. भिंतीले गोधडी टांगली.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं अन् ताईनं मले मिठीच मारली. कूलर चालू होता, तरी त्याचा पत्ता नाई. तिच्या ट्रॅकवर फक्त ती, माह्या ट्रॅकवर फक्त मी. माहा आवाज थोडासा तिच्या माइकात शिरे, तोबी कापाची सेटिंग मीच शोधून काढली, अन् मीच लावून देल्ली. उन्हाळा अन् पावसाळा आमी तसंच बसलो. पाहणारे वाढत गेले.

दिवाळीले ताई लॅपटॉप अन् दोन्ही माइक घेऊन अकोल्याले गेली. आठ दिवसांत येते म्हणे. आठाचे पंधरा झाले. फोन केला तं कधी तिथी नेट नाई, कधी मावशीले बरं नाई. मी म्हटलं, असन बाप्पा, घरचं काम असते. माह्या डोक्यात दुसरं काई आलंच नाई. मंग एक दिवस आमच्या एका नेहमीच्या पाहणाऱ्यानं लिंक पाठवली अन् लिहिलं, कंडक्टरबाई, तुमी नोकरी सोडली का?

पुण्याच्या एका मोठ्या गेमिंग चॅनलचं पान होतं. त्याईनं नवीन पोरी निवडल्या होत्या, अन् त्यात ताई. खाली तिचा नमुन्याचा व्हिडिओ. आमचीच अकोटची फेरी. मी हेडफोन लावला. ताईनं गाडी काढली. मंग शांत. मंग ताई हसली. पुन्हा शांत, पुन्हा हसली. बकरीच्या जागी काईच नोतं, अन् त्या काईच नसण्यावर ताई पोट धरून हसून राहिली होती. मले जागा न् जागा पाठ होती. मी ओठ हलवत होती अन् कानात काई येत नोतं. खाली लोकाईनं लिहिलं होतं, किती निर्मळ हसते ही! आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. "मलेबी ऐकू दे ना वं," म्हणे. मी हेडफोन काढला नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अकोल्याची गाडी धरली. रस्ताभर मी ताईच्याच बाजूनं कारणं शोधत होती. चुकून झालं असन, त्याईनंच कापलं असन. मावशीनं दार उघडलं अन् जेवून घे म्हणत सैपाकघरात गेली. ताई खोलीत माइकसमोर बसली होती.

"माहा आवाज कुठी हाय?" मी इचारलं.

तिनं आढेवेढे घेतले नाई. "त्याईले एकटीचाच पायजे होता. अन् तुही बोली पुण्यातल्या लोकाईले समजत नाई वं. मी तुले सांगणारच होती."

"कवा?"

"सारं नक्की झालं की."

केसानं गळा कापणं म्हणतात, ते हेच. मॅडमनं स्पर्धेतून काढलं तवा मी रडली होती, पण मॅडम परकी होती. ही तं माह्या गोधडीत झोपलेली, माह्या आईच्या हातचं जेवलेली. मीच वेगळा करून देल्लेला माहा ट्रॅक हिनं एका बटनात बंद केला.

"माहं बोलणं काढलं, तं हसू कायले ठेवलं?"

"हसूच तं आवडलं त्याईले," ताई म्हणे. मंग उठली, माहा हात धरला, एखादी वस्तू मागाची असली की नेहमी धरे तसा. "एक ऐकशीन? चार दिवस झाले, एकटी बसून रेकॉर्ड करून पाहून राहिली, मले हसूच येत नाई. तू इथीच राह्य. आधीसारखी बाजूले बसत जा, बोलत जा. फक्त तुहा माइक बंद ठेवू."

सांगाची लाज वाटते, पण एका घडीसाठी माह्या तोंडात 'हो' आला होता. तिच्या बाजूले बसाची एवढी सवय झाली होती मले. सैपाकघरातून मावशीनं आवाज देल्ला, पोळ्या गरम हाय, दोघी या.

मी हात सोडवला अन् चपला घातल्या.

"हसू येत नसन, तं रड मंग," म्हटलं, अन् मावशीले न सांगताच पायऱ्या उतरली.