न फुटलेली अंडी

गेल्या उन्हाळ्यात अन्याय झाला तो निपाणीच्या माझ्या आत्यावर. भाताच्या तुसाचा वास आला की आजही अंड्यांचा तो खोका डोळ्यांपुढे येतो. मानमोडी रोगानं तिच्या सगळ्या गावरान कोंबड्या गेल्या. एकच उरली, तीही खुडूक, अंडी उबवायला बसलेली. तिच्याखाली ठेवायला आत्यानं लांबून पार्सलनं उबवायची अंडी मागवली. पार्सलवाल्यानं तुसात बांधलेला खोका कट्ट्यावर आदळला. "हळू रं, जीव हाईत त्यात!" आत्या ओरडली. "अंडीच न्हवं आक्का? फुटली तर पोळी करा." उघडलं तर एकही फुटलं नव्हतं. "बघा, उगंच बोंबलताय," म्हणत तो गेला. आत्यानं एक अंडं कानाशी धरून हळूच हलवलं. आत गुळगुळ वाजलं, आदळून आतला बलक सुटला होता. "गावरान जिवट असतंय, बसू दे तिला," म्हणत तिनं सगळी मांडली. तीन आठवडे उलटले, एकही पिल्लू आलं नाही. कोंबडी मात्र उठेना. दाणा समोर धरला तरी मान वळवायची. शेवटी आत्यानं तिच्या पोटाखालची अंडी एकेक करून काढली, तेव्हा तिनं चोचसुद्धा मारली नाही. मी आता भेटेल त्याला तोंडावर सांगतो, तुम्हालाही सांगतो: उबवायची अंडी हवीत ना? मग पार्सल मागवू नका. स्वतः जा आणि मांडीवर घेऊन या.