न गाठलेलं बंदर

बातमीच्या आरंभी गावाचं नाव छापतात, त्याला आमच्या धंद्यात डेटलाइन म्हणतात. तिचा नियम साधा आहे. बातमीदार स्वतः ज्या गावात उभा आहे, त्याच गावाचं नाव टाकायचं. माहिती फोनवरून घेतली तर तसं लिहायचं. मी मूळची सोलापूरची. पंधरा वर्षं परदेशी बातमीदार म्हणून हिंडले आणि आता चेन्नईतल्या एका इंग्रजी दैनिकाची संपादक आहे. आवाज मोठा, राग नाकावर, आणि कामात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माझ्या पेपरात डेटलाइन खोटी पडत नाही, हे मी छातीठोकपणे सांगत असे.

मग यंदाच्या पावसात चेन्नईच्या वेलचेरी भागात पाणी भरलं. आमच्या बातमीदाराने सुरेख बातमी दिली. जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं, तळमजल्यावरच्या म्हातारीला गादीसकट कसं वर नेलं, सगळं त्यात होतं. वर डेटलाइन वेलचेरी. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीतल्या एका बाईंची मेल आली. बातमीत चूक काही नाही, पण हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं, तो तेव्हा इथे नव्हताच, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. पाणी भरायच्या आदल्या रात्रीच तो बायकापोरांना घेऊन शोळिंगनल्लूरला मेहुण्याच्या फ्लॅटवर गेला होता आणि बातमी तिथूनच लिहिली होती.

“मॅडम, ते माझंच घर आहे,” तो म्हणाला. “सात वर्षं राहतोय. त्या पायऱ्या मला पाठ आहेत. परत जायला रस्ताच नव्हता.”

“मग शोळिंगनल्लूर लिहायचं होतं.”

“शोळिंगनल्लूरहून वेलचेरीची बातमी पहिल्या पानावर कोण घेतं?”

मी त्याला जायला सांगितलं. आमच्याकडे याला एकच शिक्षा आहे. त्याला काढून टाकायचं पत्र संध्याकाळपर्यंत तयार होऊन माझ्या टेबलावर आलं. सही तेवढी राहिली होती, आणि ती माझ्याने होईना.

कारण हेच मी केलं होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या देशात एका बंदराला वादळाने झोडपलं. मी निघाले, पण वाटेतला पूल वाहून गेला आणि मी एका खेड्यातल्या चहाच्या टपरीवर अडकले. बंदरातून जीव घेऊन निघालेली माणसं कशीबशी ओढा ओलांडून त्याच टपरीवर येत होती. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले, तिथल्याच फोनवरून चेन्नईला बातमी सांगितली आणि डेटलाइन बंदराची दिली. शब्द न् शब्द खरा होता, फक्त मी तिथे नव्हते. बातमी पहिल्या पानावर लागल्याचं कळलं. टपालाने अंकांचा गठ्ठा आला तेव्हा तेवढा एक अंक मी उघडला नाही. चोराच्या मनात चांदणं! पुढे मात्र हळूहळू धीट झाले. कुणी पोहोचलं नव्हतं तेव्हा मी त्या बंदरात कशी शिरले, हे दर वर्षी नव्या बातमीदारांना रंगवून सांगू लागले. वेलचेरीच्या या बातमीदारालाही सांगितलं होतं.

त्याची नोकरी घ्यायची आणि आपली खुर्ची राखायची, हे मला जमणार नव्हतं. मला माझी लाज वाटत होती. मी ठरवलं की दोन दुरुस्त्या एकाच दिवशी छापायच्या, एक त्याची आणि एक माझी. मग मालकांनी माझं काय करायचं ते करावं. दुरुस्तीत मूळ मजकूर नेमका हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली संग्रहात जाऊन त्या वर्षाच्या अंकांचा बांधीव खंड काढून घेतला.

पान उघडलं. माझं नाव होतं, बातमी होती, पण डेटलाइन त्या टपरीवाल्या खेड्याची होती. पहिल्या ओळीत “बंदरातून निघून आलेल्या लोकांनी सांगितलं” एवढे शब्द जास्तीचे होते. ते मी सांगितले नव्हते.

त्या दिवशी माझी बातमी उतरवून घेतली होती आमच्या मुख्य उपसंपादकांनी. ते तंजावरकडच्या मराठी घरातले. आता ऐंशी ओलांडलेले, मैलापूरला असतात. मी संग्रहातूनच त्यांना फोन लावला.

“सांग मा,” ते नेहमीच्या तमिळ लाडाने म्हणाले.

“सर, त्या वादळाच्या बातमीवर खेड्याचं नाव कुणी टाकलं?”

“मी. तू तिथंच होतीस की.”

“पण मी तुम्हाला बंदर सांगितलं होतं.”

“सांगितलंस. पण तुझ्या आधी फोन जोडणारी एक्स्चेंजवाली बोलली. कॉल कुठल्या गावचा, ते तीच पहिलं सांगते.” ते हसले. “बातमी मात्र अस्की खरी होती.” सगळं म्हणायचं असलं की ते अस्की म्हणत.

“मग मला का बोलला नाहीत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“पेपरात छापलं की मा. वाचशील म्हटलं. आपला पेपर तू वाचलाच नाहीस, त्याला मी काय करू?”

डोळ्यांत पाणी आलं ते मी येऊ दिलं.

वर येऊन मी ते पत्र फाडलं. वेलचेरीची दुरुस्ती त्या बातमीदाराकडूनच लिहून घेतली, आणि दोन महिने त्याची बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, बंद केली. त्याने मान डोलावली, पण का वाचलो हे त्याला कळेना.

माझी दुरुस्ती कुठे छापणार? कागदावर चूक नव्हतीच. ती सगळी माझ्या तोंडात होती. म्हणून अकराच्या बैठकीत सगळे जमल्यावर मी उभी राहिले. तो मागच्या रांगेत होता. “मी त्या बंदरात कधीच गेले नव्हते,” मी म्हणाले, आणि मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाले.