समुद्र घरी नव्हता

काल तळघरात सायकल धुवायला घेतली आणि पाईप उलटा धरून आधी स्वतःच भिजलो. मग मडगार्डखालचा जुना चिखल ओला झाला आणि खारट वास सुटला. उत्तर जर्मनीतल्या त्या दिवसानंतर सायकल बाहेर काढलीच नव्हती!

माझी बायको वसुधा कोकणातल्या मुरुडची. न्युरेम्बर्गला आल्यापासून तिने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून वाढदिवसाला मी सहल आखली. रस्ते, हॉटेल, ट्रेन, सगळं एक्सेलमध्ये. कालव्याकाठच्या गावांतून दिवसभर पेडल मारलं, वारा सतत तोंडावर.

"अजून किती?"

"हा काय, बांधापलीकडे!"

धापा टाकत बांधावर चढलो. समोर क्षितिजापर्यंत नुसता चिखल.

"अहो, भरती-ओहोटी नाही पाहिलीत?"

माझ्या पुणेरी एक्सेलमध्ये तो कॉलमच नव्हता. पाणी रात्री येणार होतं आणि हॉटेलच्या गावी परतायची शेवटची ट्रेन संध्याकाळी होती. तिचा वाढदिवस मीच वाया घालवला, म्हणून स्वतःवरच चरफडत उभा राहिलो. ती मात्र बूट काढून चिखलात उतरली आणि माहेरी आल्यासारखी शिंपले शोधत बसली. ती खूश आहे, हे तेव्हा मला दिसलंच नव्हतं.

ट्रेनमध्ये पाय पुसत म्हणाली, "समुद्राचं बरं असतं. जातो, पण ठरल्या वेळी परत येतो. तुम्ही ऑफिसातून येता का कधी?"