वन्सं जिन्यानं येतात

अशी लांब काय बसलीस पाहुण्यासारखी? सरक जवळ. फोनवर नुसतं ‘येते, येते’ म्हणतेस आणि तोंड दाखवतेस सहा महिन्यांनी— बरं, राहू दे. आज मलाच बोलायचंय. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी त्याच्या आजूबाजूनंच फिरते.

टिकलीपासून सुरू करते. आम्ही ख्रिस्ती माणसं, आमच्या घरात टिकली कुणी लावली नाही. पण रावेतच्या ह्या सोसायटीत आलो, पहिल्याच संक्रांतीला शेजारच्या कदमबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं आणि मी टिकली लावून गेले. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मग ती रोजचीच झाली. रविवारी चर्चला जाताना रिक्षात बसलं की काढायची, बायबलच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायची, परतताना पुन्हा कपाळावर. आणि मधल्या दोन तासांत उभं राहून साक्ष द्यायची— प्रभूनं मला कसं निर्भय केलं म्हणून! राग येतो गं स्वतःचा.

पण टिकलीचं काय एवढं, म्हणशील. थांब.

वन्सं माहीत आहेत ना तुला, ह्यांची थोरली बहीण, चाकणच्या? ह्या सोसायटीच्या आधी, आम्ही इकडं नवे आलो तेव्हा त्यांच्या एका खोलीत दोन वर्षं राहिलो. त्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर पोळ्या लाटायच्या आणि घरी येऊन आमच्यासाठी पुन्हा लाटायच्या. कधी बोलून दाखवलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी त्या करंज्यांचा डबा घेऊन आल्या. मी दूध आणायला खाली गेले होते, लिफ्टपाशी गाठ पडली. “सलाम, सुनंदा,” म्हणाल्या. आमच्यात भेटलं की सलामच म्हणतात. लिफ्टमध्ये कदमबाई होत्या. त्यांनी वन्संच्या रिकाम्या कपाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “कोण ह्या?”

आणि मी— किती वेळ लागतो गं सहा मजल्यांना?— मी म्हणाले, “आमच्याकडं पोळ्यांना येतात.”

कदमबाई खूश. “मग आमच्याकडंही या की मावशी, संध्याकाळच्या.”

वन्संनी डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. “नको हो बाई. एकच घर पुरे होतं मला.”

घरात आल्यावर मलाच बशीत करंज्या वाढल्या. साखर जास्त झाली का, विचारलं. कदमबाईंना खरं कळलं असतं तर काय झालं असतं? केक मागितला असता त्यांनी, एवढंच!

तेव्हापासून वन्सं जिन्यानं येतात. लिफ्टमध्ये घाबरायला होतं म्हणे. आणि सलाम करतात तो मी दार लावून घेतल्यावर, हळू आवाजात. मला जपतात गं त्या. आणि मी? मी चढू देते. चार वर्षं झाली. दोन्ही गुडघे गेलेली बाई दारात धापा टाकत उभी राहते आणि मी पाणी देते. पाणी!

चर्चमध्ये प्रभुभोजनाला, प्रभूच्या आठवणीची भाकर वाटतात तेव्हा, आम्ही शेजारी बसतो. भाकरीचं ताट त्यांच्या हातून माझ्या हातात येतं. एकदा तरी देव ते माझ्यापुढून उचलून नेईल, म्हणून मी वाट बघते. नेत नाही. अर्धं मन घरी ठेवून आलेल्या बाईलाही तुकडा तेवढाच, वन्संना तेवढाच. ह्याला कृपा म्हणतात, मीही साक्षीत म्हणते. पण टोचते मला ती. हाकललं असतं तर रडून मोकळी तरी झाले असते.

येत्या रविवारी वन्सं जेवायला आहेत. खाली जाऊन लिफ्टपाशी उभं राहायचं ठरवलंय. मागच्या खेपेलाही ठरवलं होतं— कुकरचं निमित्त काढून वरच थांबले. टिकली आत्ताही आहे कपाळावर, बघतेस ना?

तूही ये रविवारी, उशीर करू नकोस. आणि जिन्यात कुणी म्हातारी बाई कठड्याला धरून उभी दिसली, तर त्या माझ्या वन्सं.