परसातल्या खोलीची स्थगिती

आमच्या परसातल्या खोलीचं काम नगरपालिकेनं थांबवलं नव्हतं. ते मी थांबवलं होतं.

एवढं लिहून मी उठलो आणि पाणी पिऊन आलो. हे ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. त्यामुळे सांगायला जरा धीर आला आहे.

तेव्हा नाशकात नगरपालिका होती, महापालिका व्हायची होती. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पलीकडे, पंचवटीच्या मागच्या अंगाला आमची जुनी बैठ्या घरांची गल्ली. पुढे ओटा, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे जवळजवळ घराएवढं परस. परसात पेरू, शेवगा आणि धुण्याचा दगड. घरांत माणसं वाढली तसा प्रत्येकाला पेरूच्या जागी खोली दिसायला लागली. परवानगी कोणी घेत नसे. मागितली असती तर मिळाली नसती, आणि नाही म्हटल्यावर बांधणं बरं दिसलं नसतं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. त्या उन्हाळ्यात तीन परसांत विटा पडल्या होत्या. निकम मास्तरांच्या परसात न्हाणीघर, पगारे भाऊसाहेबांच्या परसात त्यांच्या आईसाठी खोली आणि आमच्या परसात माझ्यासाठी खोली.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. मी आणि कुसुम स्वयंपाकघरात, पिठाचा डबा आणि जातं यांच्या मधल्या जागेत झोपायचो. कुसुमच्या बांगड्या वाजल्या की भिंतीपलीकडून माझे वडील, अण्णा, खोकायचे. (त्यांना खोकला नव्हता.) तेव्हा या खोलीची गरज आमच्या घरात सगळ्यात जास्त कोणाला होती, हे वेगळं सांगायला नको. आणि तरीही ती मीच थांबवली. यावरून माझ्या हुशारीचा अंदाज यावा.

झालं असं. दाराची चौकट आधी उभी राहते, तिला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो आणि मग दोन्ही बाजूंनी भिंत चढते. अण्णा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी गुरुवारचा मुहूर्त काढला, चांदवडच्या आत्याला निरोप धाडला आणि सुताराकडून चौकट करून आणायचं काम माझ्यावर सोपवलं. मी ते विसरलो नव्हतो. रोज आठवत होतं, रोज म्हणत होतो, उद्या सांगू.

"चौकट कुठवर आली?" अण्णा विचारायचे.

"होत आलीय. तेलपाणी चाललंय."

"बघून येऊ का मी?"

"नको. ओली आहे."

मुहूर्ताला दोन दिवस राहिले आणि सुताराकडे माझं लाकूडसुद्धा पडलेलं नव्हतं. अण्णांना हे सांगण्यापेक्षा गंगेत जाऊन बसावं, असं वाटायला लागलं. अशा वेळी मला मधू आठवला. मधू माझा शाळेपासूनचा मित्र. लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे कारकून होता. आमच्या गल्लीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. आवाज भरदार, आणि नुकताच शिवलेला सफारी.

"मला फक्त आठ दिवस काम थांबवून हवंय," मी म्हणालो. "पालिकेचा माणूस म्हणून ये. परवानगी विचार. काम बंद म्हण आणि जा."

"आणि नंतर?"

"नंतर पुन्हा ये. चालू म्हण आणि जा."

"तुझ्या बापापेक्षा सुताराशी बोलणं सोपं नाही का रे?"

"आता सुताराशी बोलून चौकट आठ दिवसांनी मिळेल. ते आठ दिवस कुठून आणू?"

मधूनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "सफारीची घडी मोडायचीच होती."

बुधवारी सकाळी तो आला. हातात टेप, काखेत फाईल. (फाईलमध्ये कांद्याच्या लिलावाच्या पावत्या होत्या.) परसात शिरून त्यानं पेरूपासून शेवग्यापर्यंत माप घेतलं आणि म्हणाला, "परवानगी?" ज्या अण्णांपुढे चार तालुक्यांतले तलाठी उभ्यानं घामेजायचे, ते अण्णा हात जोडून उभे राहिले. सरकारी माणसाला सरकारी माणसाचीच भीती जास्त, हे मला तेव्हा कळलं.

"काम बंद ठेवा. पुढचा हुकूम येईस्तोवर."

इथे मधूनं निघून जायचं होतं. पण त्याला स्वतःचा आवाज आवडायला लागला होता. तो निकम मास्तरांकडे गेला आणि न्हाणीघर बंद केलं. तिथून पगारेंकडे गेला. "एकट्याचंच थांबवलं तर संशय आला असता," असं त्यानं नंतर मला समजावलं. पगारे कामावर गेले होते. ते नगरपालिकेतच पाणीपुरवठ्याकडे कारकून होते. घरी वहिनी आणि पुढच्या खोलीत खाटेवर त्यांची सासू. म्हातारी नामपूरकडची, उभा जन्म मळ्यात गेलेला. कंबर मोडल्यापासून दारासमोरच पडून असायची. येणारा-जाणारा तिच्या खाटेला वळसा घालून जायचा. तिला मागे, खिडकीची, स्वतःची खोली हवी होती. लिंबाखाली. वहिनींनी मधूला तांब्याभर पाणी दिलं. तो प्यायला, तेवढ्यात म्हातारीनं विचारलं, "मनी खोली कव्हय हुई रे भाऊ?"

"होईल आजी. तुमची खोली लवकर होईल," मधू म्हणाला आणि घाईनं निघाला. गल्लीच्या तोंडाशी मला म्हणाला, "ते शेवटचं घर उगाच घेतलं यार."

संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या ओट्यावर जमली. पगारे सायकल लावून तसेच आले. सगळं ऐकून म्हणाले, "असा कोणी साहेब आमच्याकडे नाही."

"नाही कसा?" निकम मास्तर म्हणाले. "माझ्या मोरीचं माप घेऊन गेला तो."

"बांधकामवाले सगळे माझ्या ओळखीचे आहेत, मास्तर. यातला कोणी नाही. कोणीतरी थट्टा केलीय. काम चालू ठेवा, मीही ठेवतो."

पगारे घरी गेले. त्या दिवशी ओट्यावर खरं बोलणारा तो एकच माणूस होता आणि कोणाचाही त्याच्यावर विश्वास बसला नाही.

"बघा," मास्तर म्हणाले. "काम चालू ठेवा म्हणे. म्हणजे आपलं पाडून घ्यायचं आणि त्याचं राहायचं. पालिकेत आत-बाहेर कोणाचं आहे या गल्लीतून? त्या साहेबाला सांगितलं कोणी?"

पगारे बौद्ध आहेत, हे गल्लीला इतकी वर्षं माहीत होतं. त्या संध्याकाळी ते एकदम आठवलं. तोंडानं कोणी काही म्हणालं नाही. 'ह्या लोकांचं' एवढं म्हणून मास्तर थांबले आणि बाकीच्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पुरं केलं.

अण्णा न्यायी माणूस. ते म्हणाले, "पुराव्याशिवाय बोलू नका." मग माझ्याकडे वळले. "वसंता, तू होतास ना? तो साहेब पगाऱ्यांकडे थांबून पाणी प्यायला म्हणतात. खरं आहे का?"

"हो," मी म्हणालो.

त्या आठवड्यात मी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य. तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी आत्या चांदवडहून नारळ घेऊन आली. मुहूर्त मोडायचा नाही म्हणून अण्णांनी धुण्याच्या दगडाचीच पूजा करवून घेतली. आत्या म्हणाली, "दगड चांगला आहे. पण आत कुठून जायचं?" मी तोंड धुवायच्या निमित्तानं नळावर गेलो.

माझा बेत अजून शाबूत होता. चौकट यायची, मधू यायचा, काम चालू व्हायचं आणि पगाऱ्यांवरचं बालंट आपोआप विरून जायचं. पण अण्णांची सगळी हयात कचेरीत गेली होती. अर्जाशिवाय हुकूम उठतो, हे त्यांना कोणी देव येऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्यांनी अर्ज केला. म्हणजे मजकूर त्यांनी सांगितला. अक्षर माझं सुंदर म्हणून मी लिहिला. 'आमच्या गल्लीतील परसांत चालू असलेली बांधकामे आपल्या खात्याने थांबविली आहेत, तरी ती पुढे चालू करण्यास अनुमती असावी.' खाली गल्लीच्या सह्या.

निघायच्या वेळी पगारे आडवे आले. "अण्णा, ऐका माझं. जाऊ नका. तिथे कोणाला काही माहीतच नाही. तुम्ही जाऊन सांगाल, तेव्हा कळेल."

"भाऊसाहेब," अण्णा शांतपणे म्हणाले, "आम्ही वर जाऊ नये असं तुम्हाला का वाटतं, ते आम्हाला समजतं."

पगारेंनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्जाची घडी नीट करत होतो.

पालिकेतल्या साहेबांनी अर्ज फार रस घेऊन वाचला. "म्हणजे तुमच्याकडे बिगरपरवाना बांधकामं चालू आहेत," ते म्हणाले.

"होती, साहेब. आपणच थांबवलीत," अण्णा म्हणाले.

"आम्ही नाही थांबवली."

"मग चालू करू?"

"छे. आता थांबवतो."

ते इमानदार गृहस्थ होते. एका गल्लीत असं चालतं, तर दुसऱ्या गल्ल्यांत काय चालत असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. पंधरवड्यात हुकूम निघाला. गावातल्या जुन्या वसाहतींमधली परसातली सगळी बांधकामं, पाहणी होईपर्यंत, तात्पुरती स्थगित. मी आमची एक चौकट चुकवायला निघालो होतो. अर्ध्या नाशकाच्या मागच्या दारी विटांवर गवत उगवलं.

त्याच दिवशी सुतारानं चौकट आणून टाकली. अण्णा म्हणाले, आलीच आहे तर उभी करा. बांबूंचा टेकू देऊन ती परसात उभी केली. आत्यानं मागे ठेवलेला नारळ वाढवला आणि सगळे त्या दारातून परसातून परसात जाऊन आले. कुसुम शेवटी गेली. पलीकडे मला एकटं गाठून म्हणाली, "लाकूड ओलं आहे. महिन्याभरापूर्वी झालेली चौकट अशी असते होय?"

मी सगळं सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्हणजे आपली खोली तुम्हीच थांबवली."

"तात्पुरती."

"पगारे वहिनींना सांगितलंत?"

"सांगणार आहे."

"कधी?"

"उद्या."

आमची खोली स्थगितीतच राहिली. आम्हाला दोन्ही मुलं अण्णांच्या खोकल्यातच झाली.

पगारेंनी मात्र हुकूम निघाला त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं भिंत उतरवली. खिडकीपर्यंत चढली होती. "पालिकेचा पगार खातो. माझ्याकडे बोट नको," एवढंच म्हणाले. मास्तर म्हणाले, "नाटक आहे." वहिनी विटा एकीवर एक रचत होत्या आणि आतून म्हातारी विचारत होती, ठोकाठोक चालू झाली, म्हणजे खोली होतेय ना? वहिनी म्हणाल्या, "हो आत्याबाई, होतेय." थंडी पडायच्या सुमाराला म्हातारी गेली. दारासमोरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत. गल्ली मयताला गेली. पण उभ्या-उभ्या गेली आणि उभ्या-उभ्या परतली. वर्षभरात पगारेंनी घर विकलं. सामान भरायला मी एकटा गेलो. पगारेंनी टेम्पोत बसता-बसता माझा हात धरला. म्हणाले, "वसंतराव, सगळ्या गल्लीतून तुम्ही एकटे आलात. हे मी विसरणार नाही."

ते विसरले नाहीत. दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. मी सुंदर अक्षरात उत्तर द्यायचो.

गेल्या महिन्यात पगारे गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो, उभा राहिलो आणि माणसांनी भरलेल्या मांडवात सगळं सांगितलं. चौकट, मधू, पाणी, माझं 'हो'. मग काठी टेकत निकम मास्तर उठले. डोळे पुसत म्हणाले, "मित्राचं नाव साफ करायला दुसऱ्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेणारी अशी माणसं आता राहिली नाहीत." लोकांनी मान डोलावली. एकानं माझ्या पाया पडून घेतलं. मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली.

फक्त वहिनींनी विश्वास ठेवला. जाताना म्हणाल्या, "तोंडी बोललेलं कोणी धरत नाही. लिहा. लिहून मला वाचून दाखवा."

म्हणून हे लिहिलं आणि काल त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये कुठेही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "विनोदी लिहिलंय."

"हसू आलं का, वहिनी?"

"एकदा. धुण्याच्या दगडाला." मग म्हणाल्या, "एक वाक्य काढा. अण्णांनी विचारलं तिथे तुम्ही लिहिलंय, घाबरलो म्हणून बोललो. घाबरलेला माणूस गप्प राहतो, भाऊजी. तुम्ही बोललात."

यावर उत्तर द्यावं असं फार मनात आलं. पण वहिनी माझ्याकडे अशा काही बघत होत्या, की मी घाबरून तिथल्या तिथे ते वाक्य खोडून टाकलं.