स्वयंपाकघरातल्या मीटिंगा

छप्पन साली नवा कंपनी कायदा आला तेव्हा बाबांनी पनवेलच्या आमच्या भाताच्या गिरणीची प्रायव्हेट कंपनी केली. कंपनी बुडाली तरी घरादाराला धक्का लागत नाही, असं वकिलांनी त्यांना समजावलं होतं. बाबांना तो कायदा फारच आवडला. निदान दोन डायरेक्टर हवेत म्हणून त्यांनी आईचं नाव घातलं.

मीटिंग स्वयंपाकघरात व्हायची, म्हणजे व्हायचीच नाही. बाबा सांगायचे, मी सुवाच्य अक्षरात ठराव लिहायची आणि आई पदराला हात पुसून सही करायची. तिला सहीपुरतंच लिहिता यायचं. प्रत्येक वेळी ती मला ठराव वाचायला लावायची. ‘उपस्थित संचालकांनी सखोल चर्चा केली’ याचं तिला फार हसू यायचं.

मग गिरणीच्या पट्ट्यात एका कामगाराचा उजवा हात गेला. चिरनेरकडचा माणूस, पदरात दोन लहान पोरं. त्याने कंपनीवर भरपाईचा दावा लावला. आईने त्याच्या बायकोला सांगितलं, पैसे मिळतील, मी बघते.

आठवड्याभरात बाबांनी नवा ठराव सांगितला. गिरणीची सगळी यंत्रं काकांच्या नव्या कंपनीला नावापुरत्या किमतीत विकायची. म्हणजे दावा जिंकला तरी जुन्या कंपनीकडे द्यायला काही उरणार नव्हतं. लिहिताना मला हे कळत होतं. सोळा वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. पण मॅट्रिकनंतर मला मुंबईला कॉलेजात जायचं होतं, आणि गिरणी गेली तर कॉलेज विसर, असं बाबांनी बजावलं होतं.

आईने विचारलं, "काय आहे आज?"

"नेहमीचंच," मी म्हटलं. तिने सही केली.

तो माणूस दावा जिंकला आणि हाती काहीच आलं नाही. त्याची बायको आमच्या मागच्या दारी आली. भांडली नाही.

"वयनी, वकील म्हनतो, इकल्याच्या कागदावर तुमची सही हाय. तुमीच बोलल्या होत्या ना, मी बगते?"

आई माझ्याकडे बघत राहिली.

मी कॉलेजात गेले. पहिल्या सुट्टीत घरी आले त्या दिवशी मामाचं पत्र आलं होतं. वाचून दाखवते म्हणून मी हात पुढे केला. आईने ते घडी करून कमरेला खोचलं.

"राहू दे," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंकडून वाचून घेते मी."