आत्याच्या मापाची गाडी: आंबा घाट, मिरजोळे आणि राजापूर

कोल्हापूरहून राजापूरला मोटारीने जाण्याचा एक सोपा मार्ग आहे. मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत पालीला महामार्ग गाठायचा आणि डावीकडे लांज्याच्या दिशेने वळायचे. ऐंशीच्या दशकात मी आत्याला घेऊन याच मार्गाने निघाले होते. पालीला मात्र आम्ही उजवीकडे वळलो. तुमची गाडी नेहमीपेक्षा ठेंगणी असेल, किंवा घरातल्या एखाद्या माणसासाठी ठेंगणी करून घेण्याचा तुमचा विचार असेल, तर त्या वळणाची हकिकत तुमच्या उपयोगी पडेल.

मी तेव्हा महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच्या आजारात तिच्या दोन्ही पायांतली शक्ती गेली होती आणि ती कुबड्यांच्या आधाराने चालत असे. शिवणकामाचे वर्ग चालवून ती स्वतःच्या बळावर जगली. पण प्रवास तिने कधीच सोडून दिला होता. एसटीत चढताना कोणीतरी काखेत हात घालून उचलायचे, वर "सांभाळा, म्हातारी आहे" असे पुकारायचे. "पोत्यालाही इतकी घोषणा लागत नाही," असे ती म्हणे.

म्हणून मी जुनी गाडी घेतली आणि ती खाली बसवून घेतली. आत्याची बसण्याची रीत ठरलेली होती. आसनाकडे पाठ करायची, टेकायचे आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. त्यासाठी आसन तिच्या बैठकीच्या उंचीला हवे. कोल्हापूरच्या कारागिराने पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापले, मागे स्प्रिंगांचे पाटे आणि चाकांचा आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले आणि गाडी चार बोटे खाली आली. आत्या बसली, दार तिनेच ओढून घेतले आणि म्हणाली, "कुसुमला पत्र टाक. म्हणावं, मी येतेय. तुझ्या दारात माझी मी उतरेन, कोणी हात लावायचा नाही."

कुसुममावशी तिची वसतिगृहातली मैत्रीण. राजापुरात अर्जुना नदीपासून जवळच तिचे घर होते. ती कित्येक वर्षे बोलावत होती.

निघताना आत्याने मला एक अट घातली. "वाटेत प्रत्येक टपरीवर माझ्या पायांचं पुराण सांगायचं नाही."

पहाटे निघालात तर आंबा घाट उन्हाआधी उतरता येतो. घाटमाथ्यावर धुके असेल तर घाई करू नका. थांबून चहा घ्या. ठेंगण्या गाडीला चढण जड जात नाही, खड्डे जड जातात. चाके खड्ड्याच्या कडेवरून न्यायची आणि गाडीचे पोट वाचवायचे, हे तंत्र मला मलकापूर येईपर्यंत जमले. घाट उतरताना मात्र सुकाणू डावीकडे ओढू लागले. पालीला चहासाठी थांबलो, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा चालक वाकून म्हणाला, "बाई, टायर बाहेरनं झ्याक दिसतात. आतल्या अंगाला हात लावून बघा."

मी हात घातला. बाहेरच्या बाजूला नक्षी शाबूत होती. आतल्या कडेला रबर संपून सुताचे धागे लागत होते. दोन्ही पुढच्या चाकांची तीच गत.

याचे कारण समजावून सांगण्याचा मोह मला आवरत नाही. आपण पावले सरळ टाकत चालतो, तेव्हा चपला सारख्या झिजतात. गुडघे आत झुकले तर चपलेची आतली कड झिजते. पावले फेंगडी पडली तर ती फरपटते आणि आणखी लवकर झिजते. गाडी खाली बसवली की पुढच्या चाकांचे नेमके हेच होते: वरची बाजू आत कलते आणि समोरून दोन्ही चाके बाहेर फाकतात. म्हणून उंची बदलली की चाकांची रेष पुन्हा लावून घ्यावीच लागते. आमच्या कारागिराने उंची उत्तम बदलली होती. रेषेचा विषय कोणाच्या मनातच आला नव्हता.

चहा पिता पिता मी हे सगळे आत्याला सांगितले.

"म्हणजे गाडीचे पायही माझ्यासारखे झाले," ती म्हणाली. "चला, सोबत झाली."

डावीकडे राजापूर होते, पण त्या टायरांवर तिथवर जाणे धोक्याचे. ट्रकवाल्याने उजवीकडचा हातखंबा सुचवला. तिथल्या पंक्चरवाल्याने गाडीकडे एकवार पाहून सांगितले, "हे माझ्याच्यान होणार नाय. मिरजोळ्यात दत्ताराम मिस्त्री गाठा. बोलतो भरपूर, पण काम करतो." सायकलच्या वेगाने आम्ही रत्नागिरीलगतच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचलो.

दत्ताराम मिस्त्रींनी तारुण्याची बरीच वर्षे मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात काढली होती. कारखान्याला लागूनच त्यांचे घर, अंगणात जांभ्या चिऱ्यांची रास. कुंपण घालायचे राहून गेले होते.

"जहाज सरळ चालवलंय आमी बाई, ही तर चिमुकली," ते म्हणाले. मग आत्याच्या कुबड्यांकडे पाहून, "आजी, तुमी सावलीत बसा."

"आजी कोणाला म्हणता? केस तुमचेही पिकलेत."

"बरा, आक्का म्हणतो. रागवू नको गो."

मी सांगितले, टायर बदलायचे आहेत आणि चाकांची रेष लावायची आहे. गाडी मुद्दाम खाली बसवली आहे हेही सांगणार होते, पण का, असा प्रश्न पाठोपाठ आला असता. आत्या माझ्याकडेच पाहत होती. मी किल्ली तेवढी मिस्त्रींच्या हातात ठेवली.

मिस्त्रींच्या पत्नीने आम्हाला जेवायलाच बसवले. बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. रत्नागिरीत खाणावळी पुष्कळ आहेत, पण तसे तिखले मला पुन्हा मिळाले नाही. जेवणानंतर गप्पा लांबल्या. आत्याने वहिनींच्या पोलक्याची बाही कुठे चुकली आहे ते दाखवले आणि तिथेच उसवून सुधारून दिली. आम्ही परतलो तेव्हा ऊन कलले होते.

गाडी आमच्यासमोर चांगली ताठ उभी होती. चार बोटे नव्हे, सहा बोटे तरी वर.

"बघा!" मिस्त्रींचा चेहरा फुलला होता. "स्प्रिंगा पार बसलेल्या. आत रबराच्या चकत्या घातल्या. आणि मागं कोणा शहाण्यानं ठोकळे घातल्यान होते, ते काढून टाकले. आता आक्काला खाली वाकायला नको. ह्याचे पैसे नाय घेणार मी, आपल्या मनाचा काम आहे हा."

आत्या पुढे गेली. तिने दार उघडले, पाठ केली, टेकायचा प्रयत्न केला. आसनाची कड तिच्या बैठकीच्या बरीच वर होती. तिने कुबड्या सरकवून पुन्हा प्रयत्न केला. हात घसरला, ती दाराला धरून सावरली.

"थांबा आक्का, उचलतो—"

"हात लावू नका."

ती ओरडली नाही, पण मिस्त्री जागीच थांबले. मग तिने माझ्याकडे पाहिले. "कुसुमला तार कर. येत नाही म्हणावं."

"आत्या, गाडी पुन्हा खाली घेता येईल."

"आणि टायर पुन्हा झिजतील. तूच सांगितलंस ना? मी सरळ बसले की गाडी वाकडी, आणि गाडी सरळ झाली की मी अशी." ती चिऱ्यांच्या राशीकडे वळली, पाठ केली आणि सहज टेकून बसली. एकेक पाय हाताने उचलून नीट ठेवला. सकाळी आल्यावरही ती तिथेच टेकली होती.

मिस्त्री ते पाहत होते. "असा होय!" ते एकदम म्हणाले. "म्हणजे गाडी बसलेली नव्हती, बसवलेली होती. मगे आधी सांगायचात नाय? मी आपला डागदरासारखा बऱ्या माणसाला सुई टोचून मोकळा!"

आत्याला हसू आवरेना. मीही संधी सोडली नाही. चाकाचा कल सांध्यात पातळ लोखंडी चकत्या घालून बराचसा परत आणता येतो, फाकणे तर पूर्णच दुरुस्त होते. उंचीला हात लावण्याचे कारणच नाही, हे मी जमिनीवर खडूने आकृती काढून पटवू लागले.

"बाई, वर्ग सुटला की कामाला लागू," मिस्त्री म्हणाले. "आक्का, तुमी उठू नको. ह्या बैठकीचा माप घेतो."

त्यांनी जमिनीपासून चिऱ्याच्या माथ्यापर्यंत काठी धरून खूण केली. तेवढ्या उंचीवर आसन आले पाहिजे, एवढे ठरले. स्प्रिंगांतल्या रबरी चकत्या निघाल्या, ठोकळे परत गेले. अंधार पडला म्हणून त्या रात्री मुक्काम मिस्त्रींकडेच केला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन नवे टायर आले आणि मला सर्वांत आवडलेला भाग सुरू झाला. माणसे बसली की गाडी आणखी दबते आणि चाकांची रेष बदलते. म्हणून रेष लावायची ती रोजचे वजन गाडीत असताना. मिस्त्रींनी आसनांवर गोणपाट अंथरले आणि चिरे आणून ठेवायला सुरुवात केली.

"दोन चिरे म्हणजे एक माणूस," त्यांनी मला समजावले.

"मी दोन चिरे?" आत्याने विचारले.

"तुमी दीड. पण अर्धा चिरा तोडणार कोण? कालचं तिखलं धरून दोन."

आधी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने फरशी समतल आहे का ते पाहिले. गाडी थोडी पुढेमागे हलवून स्प्रिंगांना बसू दिले. मग कल: लोखंडी चकत्या घालून चाके होतील तितकी उभी केली. शेवटी रेष: मागच्या चाकांना समांतर, गाडीच्या दोन्ही अंगांनी दोरी ताणली आणि पुढच्या चाकाची पुढची व मागची कड दोरीपासून किती दूर आहे ते पट्टीने मोजले. मी मोजायचे, मिस्त्रींनी चाकांना सुकाणूशी जोडणारा दांडा फिरवायचा. एकदा माझा आकडा त्यांना पटेना, एकदा त्यांची दोरीच गाडीच्या अंगाला टेकलेली निघाली. दोघेही एकमेकांवर खूश होतो.

थोडा कल उरलाच; खाली बसवलेल्या गाडीत तो उरतो. त्यावरचा उपायही लिहून ठेवा: काही महिन्यांनी टायर रिमवरून काढून उलटा चढवायचा, म्हणजे आतली कड बाहेर येते. आमच्या साध्या ट्यूबवाल्या टायरांना ते चालत असे. आजच्या टायरांवर फिरण्याची दिशा किंवा बाहेरची बाजू छापलेली असेल तर असे करू नका, दुकानात विचारा.

चिरे उतरवले. आत्याने पाठ केली, टेकली, एक पाय आत घेतला, मग दुसरा. मिस्त्री हात मागे बांधून, आभाळाकडे पाहत उभे होते. दार लागल्याचा आवाज आल्यावरच त्यांनी मान खाली केली.

"पोचल्यावर पत्र टाका आक्का. गाडीची तब्येत कळवा."

हातखंबा, पाली, लांजा करत राजापूर गाठले तेव्हा संध्याकाळ होत होती. त्या रस्त्याला वळणे फार. पण सुकाणू हातात हलके होते आणि गाडी नेऊ तिकडे सरळ जात होती. बाजारात काजूगर जरूर घ्या, घासाघीस चालते. कुसुममावशीच्या गल्लीत शिरलो तर ती दारातच उभी. शेजारचे दोघे लगबगीने पुढे झाले. मावशीने दोन्ही हात पसरून त्यांना अडवले.

"थांबा रे. पत्र आलंय तिचं."

आत्याने दार उघडले, पाय एकेक करून बाहेर ठेवले, कुबड्या टेकल्या आणि उभी राहिली. मावशीने मगच तिला मिठी मारली, इतकी घट्ट की एक कुबडी पडली.

"उशीर केलास," मावशी म्हणाली.

"गाडीचे पाय दुखत होते."

कोल्हापूरला परतल्यावर मी दर महिन्याला पुढचे टायर तपासत असे. त्या गाडीने आत्याने मग गणपतीपुळे पाहिले, गोवा पाहिला, दरवर्षी राजापूर तर होतेच. एके दिवशी मी चाकाशी बसून आतून बाहेरून हात फिरवला आणि आनंदाने तिला हाक मारली.

"आत्या, बघ, दोन्ही कडा अगदी सारख्या झिजल्यात!"

ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती.

"झिजले ना?" ती म्हणाली. "मग दुसरे घे."